कार्डातले फोटो संगणकावर घेताना

कॅमेऱ्याच्या कार्डात ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर असतो, फोटो त्यात साठतात. बहुतेक कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात; ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून. म्हणजे दोन वेगळ्या फोटोंचं नाव एकच होऊ शकतं. सगळे एकाच फोल्डरात टाकत गेलात, तर ‘रिप्लेस’च्या एका क्लिकने जुना फोटो पुसला जातो!

म्हणून प्रत्येक वेळी वेगळा फोल्डर करा. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि शेवटी प्रसंग: ‘२०२४-०७-१७ पंढरपूर आषाढी’. असं लिहिलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांचे सतरा तारखेचे फोल्डर एकत्र गोळा होतात.

फोटो काढल्याची वेळ फाइलमध्येच, ‘एक्झिफ’ माहितीत नोंदलेली असते. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर त्यावरून फाइलींना नावंही देतं. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. परदेशात गेल्यावर तर आधी तेच बघा.

आणि कृपया ‘कट-पेस्ट’ नको, कॉपीच करा. फोटो दुसऱ्या डिस्कवरही गेले, उघडून पाहिले, की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच.