गादी सरकली, आता पुढे?

सांगलीजवळच्या माधवनगरात मागावर सुताने भरलेला बीम चढवताना कामगार कमरेतून वाकतो, वजन उचलतो आणि त्याच झोकात अंग वळवतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाची कंबरही असाच भार सोसते. तरुण वयात मणक्यांमधल्या गादीचा गर पाणीदार असतो. अशा भाराने भोवतीचं कडं फाटलं की तो बाहेर येऊन नस दाबतो आणि कळ मांडीतून थेट पोटरीत, पावलात उतरते.

मिरज इथून जवळ आहे. तिथे 1894 मध्ये वानलेस रुग्णालय सुरू झालं आणि 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. अवघड जातं ते कोणतं ऑपरेशन करावं हे ठरवणं. दुर्बिणीचं, लेसरचं, बिनटाक्याचं, स्क्रू-प्लेटचं अशी नावं ऐकून घरचे गोंधळून जातात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ऑपरेशनची वेळ आली आहे का?

काही जणांसाठी ती आलेली असते. लघवी अडली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल निसटते, तेव्हाही थांबू नये. बाकीच्यांसाठी नेदरलँड्समधला 2007 चा अभ्यास फार मोलाचा आहे. दीड ते तीन महिने पायाच्या कळेने हैराण झालेल्या 283 रुग्णांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, उरलेल्यांना औषधं आणि व्यायामावर ठेवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. हातावर पोट असलेल्या मागवाल्यासाठी तो वेळ म्हणजे पगार, आणि त्याने लवकर ऑपरेशन निवडलं तर त्याला उतावळा म्हणू नये.

गादीने नस दाबली जाते आणि ती मोकळी करता येते, हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी 1934 मध्ये मांडलं. 1977 मध्ये कॅस्पर आणि यासारगिल यांनी त्यात सूक्ष्मदर्शक आणला. आजही पाया तोच आहे. पाठीवर छोटा छेद देतात, स्नायू बाजूला सारतात, दोन मणक्यांमधला पिवळा अस्थिबंध थोडा उघडतात, नस हलकेच आत सरकवतात आणि चिमट्याने बाहेर आलेला तुकडा काढतात. सगळी गादी काढत नाहीत. नळीतून केलेल्या ऑपरेशनाने छेद लहान झाला, पण 2009 मधल्या डच तुलनेत रुग्ण त्यामुळे अधिक बरे झाले नाहीत. पूर्णपणे दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन मात्र 2022 च्या मोठ्या चाचणीत सूक्ष्मदर्शकाच्या तोडीस उतरलं. तेव्हा या दोहोंत यंत्रापेक्षा सर्जनचा हात पाहावा. दुर्बिणीची सवय अंगवळणी पडायला बरीच ऑपरेशनं करावी लागतात.

लेसरने गर जाळण्याचा पुरावा तोकडा आहे. तुटून बाहेर पडलेल्या तुकड्यापर्यंत लेसर पोचतही नाही.

खरी काळजी स्क्रू-प्लेटची. पहिल्यांदाच गादी सरकलेल्या तरुणाचा मणका अस्थिर नसेल, तर दोन मणके कायमचे जोडण्याचं काही कारण नाही. जोडलेला सांधा हलत नाही, ताण शेजारच्या गादीवर जातो, आणि त्या पोराला अजून चाळीस वर्षं कमवायचं असतं. कृत्रिम गादीही या दुखण्यासाठी नाही. तुकडा काढल्यावर शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी पुन्हा सरकते. तेव्हाही बहुधा तेवढाच तुकडा काढून भागतं.

म्हणून कोणी पहिल्याच भेटीत स्क्रू सुचवले, तर एमआरआयची फिल्म घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा, मणका अस्थिर असल्याचा पुरावा मागा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.