सबडक्शन सुरू होतं तरी कसं?

जुनी सागरी प्लेट थंड आणि जड, म्हणून ती खाली बुडते, हे तुम्ही वाचलंच असेल. पण थंड प्लेट ताठही असते, सहजासहजी वाकत नाही. मग बुडायला सुरुवात कुठे होते? बहुधा जुन्या भेगेपाशी, जिथे ती आधीच कमजोर असते.

पुढे दोन शक्यता. प्लेट स्वतःच्या वजनाने खचली, तर वरची प्लेट ताणली जाते, सागरतळ फाटतो आणि बेसॉल्ट वर येतो. बाहेरून रेटा आला, तर आधी दाब पडतो आणि तळ उचलला जातो.

२०१४ मध्ये आयओडीपीच्या ३५२व्या मोहिमेने जपानच्या दक्षिणेला, बोनिन बेटांजवळ ड्रिलिंग केलं. तिथे सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट मिळाला आणि त्यानंतर लवकरच तयार झालेला बोनिनाइट. बोनिनाइटला प्रावरणात पाणी मिसळावं लागतं. म्हणजे तोवर बुडणारी प्लेट खाली पोचून पाणी सोडू लागली होती.

मग ती वजनानेच बुडाली? थांबा. मॉडेल्स सांगतात की रेट्याने सुरू झालेलं सबडक्शनसुद्धा पुढे वरच्या प्लेटला ताणू शकतं. बेसॉल्ट फक्त नंतरची गोष्ट सांगतो. आधीची हवी असेल, तर त्याहून जुने थर बघायला हवेत: तळ तेव्हा उचलला गेला होता का?

पेपर वाचताना हाच प्रश्न हाताशी ठेवा: दुसरं गृहीतक खरं असतं, तरी हेच दिसलं असतं का? उत्तर 'हो' आलं, तर त्या पुराव्याने निवाडा होत नाही.