घोडा हे वाहन नव्हे

26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारातले सांघिक सुवर्ण जिंकले. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला हे चौघेही तेव्हा विशी-पंचविशीतले होते. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई स्पर्धेनंतर घोडेस्वारीतले सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी आले होते. अशी बातमी आली की घराघरांत जी चर्चा होते तिच्यातली वाक्ये ठरलेली असतात. हा राजेरजवाड्यांचा खेळ. पळतो घोडा, पदक मात्र माणसाला. पोरगी पडली-बिडली तर काय घ्या. आणि नागपूरसारख्या ठिकाणी हे शिकून पोराने करायचे काय, जॉकी व्हायचे? ही वाक्ये वेगवेगळी वाटतात, पण निघतात एकाच समजुतीतून: घोडा म्हणजे चार पायांची मोटारसायकल. वरातीची घोडी आणि जत्रेतला घोडा एवढाच ज्याने पाहिला, त्याची अशी समजूत होणे साहजिक आहे. पण ती चुकली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

ही समजूत किती महागात पडते ते टोकियो ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगाने पाहिले. आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत खेळाडूला चिठ्ठीने अनोळखी घोडा मिळायचा आणि त्याची ओळख करून घ्यायला जेमतेम 20 मिनिटे. जर्मनीची आनिका श्लॉय घोडेस्वारीच्या फेरीआधी आघाडीवर होती. वाट्याला आलेला सेंट बॉय हा घोडा बिथरलेला, अडथळ्यांकडे जायलाच तयार नाही. ती रडत राहिली, चाबूक चालवत राहिली आणि अखेर 31 व्या क्रमांकावर फेकली गेली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. किल्ली हातात दिली म्हणजे कोणीही चालवील, असा हा मामला असता तर हे घडलेच नसते.

मग स्वार करतो काय? ड्रेसाजचे मैदान 20 बाय 60 मीटरचे असते, त्याच्या कडेने अक्षरे मांडलेली असतात. अमुक अक्षरापाशी ट्रॉट ही दुडकी चाल सोडून तिच्याहून वेगवान कँटर धरायचा, तमुक ठिकाणी वर्तुळ काढायचे, आणि प्रत्येक हालचालीला परीक्षक 0 ते 10 गुण देतात. घोड्याला हे सगळे सांगायचे ते मांड्या, पोटऱ्या, पाठीचा कणा आणि लगामावरची बोटे यांनी. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरकवणाऱ्या प्राण्याला पाठीवरच्या पोराचा कललेला खांदाही कळतो. म्हणूनच चांगला प्रशिक्षक नवशिक्याच्या हाती लगाम लगेच देत नाही. तो स्वतः मधोमध उभा राहतो, लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो आणि मुलाला रिकिबीविना, हात पसरून ट्रॉटवर बसायला लावतो. तोल लगामाला लोंबकळून सावरायचा नाही, कारण तो झटका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो. हे आठवडेच्या आठवडे चालते आणि काठावर बसलेल्या आईबापांना फी वाया चालली असे वाटू लागते. वास्तविक, स्वार नुसता बसला आहे असे पाहणाऱ्याला वाटेपर्यंत हीच मेहनत करायची असते.

जॉकीचे लवकर निपटवू. मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याला होतात त्या शर्यती. तो वेगळा व्यवसाय आहे, तिथे जॉकीच्या वजनावर काटेकोर नजर असते. ड्रेसाज, अडथळ्यांवरून उड्यांचे शो जंपिंग आणि या दोन्हींसह मोकळ्या रानातली दौड असलेले इव्हेंटिंग हे अश्वारोहणाचे खेळ. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे क्लबांत शिकवणीसाठी येतात, एवढाच दोहोंचा रोजचा संबंध. मुलगा की मुलगी हा प्रश्न तर या खेळाने कधीच सोडवला आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच गटात लढतात. 1952 मध्ये हेलसिंकीला डेन्मार्कची लिस हार्टेल पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे असतानाही ड्रेसाजचे रौप्य घेऊन गेली.

पैशाचा आक्षेप मात्र चुटकीसरशी उडवून लावण्यासारखा नाही. वरच्या पातळीवर हा खेळ महागडाच आहे, आणि हांगझोचे सुवर्णही त्याचाच पुरावा देते: ते चौघे युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर तयार झाले. यामागे पैशाइतकेच रोगनियंत्रणाचेही कारण आहे. संसर्गजन्य रोगांच्या नियमांमुळे भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणे फार अवघड होते. जुलै 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे हे दार किलकिले झाले. पण शिखराचा खर्च पायथ्याशी मागण्यात अर्थ नाही. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचा घोडा लागत नाही, लागते ते चांगल्या घोड्याच्या पाठीवरचे तास. याचा विसर निदान नागपूरकरांना तरी पडू नये. मराठी घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर. नागपूरकर भोसल्यांचे स्वार 1740 च्या दशकात बंगालपर्यंत धडकले, तेव्हा बंगालने त्या सगळ्या फौजेलाच बर्गी म्हटले. 1982 ला दिल्लीत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग हेही लष्करी स्वारच होते. आजही एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटर्नरी शाखा महाविद्यालयीन मुलांना सरकारी घोड्यावर बसवते. नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकला काढलेल्या भोसला सैनिकी शाळेत तर घोडेस्वारी शिक्षणाचाच भाग आहे. या वाटा अरुंद आहेत, सगळ्यांना पुरणाऱ्या नाहीत, हे खरे. पण जन्माने श्रीमंत असल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही, हे खरे नाही.

घाईचेही तसेच. सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात झाली नाही तर गाडी चुकली, असे पोहण्याच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या अनुभवावरून वाटते. इथले गणित वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाचा मुलांचा गट 12 ते 14 वर्षांचा, ज्युनियर 14 ते 18, यंग रायडर 16 ते 21. ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजसाठी किमान वय 16 आणि शो जंपिंग, इव्हेंटिंगसाठी 18. वरची मर्यादा विचाराल तर ब्रिटनच्या निक स्केल्टनने 2016 मध्ये 58 व्या वर्षी शो जंपिंगचे सुवर्ण जिंकले आणि जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 मध्ये 71 व्या वर्षी लंडनला उतरले. घोड्यालाही वेळ लागतोच. त्याच्यावर साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर खोगीर चढते, आणि ऑलिंपिकच्या उड्यांसाठी तो किमान नऊ वर्षांचा असावा लागतो. दोन वाढती शरीरे एकमेकांवर लादायची असतील तर सावकाशीला पर्याय नाही.

धोक्याबद्दल गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. साडेचारशे किलोंचा, बुजऱ्या स्वभावाचा प्राणी आहे; पडणे होणारच. जी पागा धोका नाही असे छातीठोक सांगते तिथे मूल पाठवू नये. हनुवटीखाली पट्टा घट्ट बांधलेले हेल्मेट, रिकिबीत पाय अडकू नये म्हणून टाचेचे बूट, आणि मुलाच्या ताकदीला साजेसा शांत घोडा या तीन गोष्टींनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ड्रेसाजमध्ये मिरवली जाणारी उंच हॅटसुद्धा 2021 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंद होऊन तिच्या जागी हेल्मेट सक्तीचे झाले.

खरा कठीण आक्षेप मुक्या जनावराच्या बाजूचा आहे. पदकासाठी त्याला राबवायचे का? स्पर्धेत नियम कडक आहेत. हांगझोलाच हृदय छेडाच्या घोड्याच्या पायावर रक्त दिसले आणि पात्रता फेरीत आघाडीवर असलेला हा स्वार वैयक्तिक अंतिम फेरीतून बाद झाला. पण 2024 मध्ये ब्रिटनची ऑलिंपिकविजेती शार्लट दुजार्डिन घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारताना दिसली, तो व्हिडिओ सरावाचा होता. तिला पॅरिस सोडावे लागले आणि वर्षभराची बंदी आली. म्हणजे व्हिडिओ बाहेर आला नसता तर हे कळलेही नसते; नियमांचा डोळा मैदानापुरताच. पागेत काय चालते ते पालकांनीच पाहायचे.

ते पाहायला नागपूरच्या मे महिन्याइतकी चांगली वेळ नाही. पारा 45 च्या पुढे गेला असताना रपेट पहाटे उरकलेली आहे की दुपारी अकरालाही बॅच चालू आहे? पाण्याची नांद भरलेली आहे का? घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर जिवावर बेतते. रात्री-बेरात्री पशुवैद्य कोण येतो, हे पागेला ठाऊक असलेच पाहिजे. नालबंद सहा आठवड्यांत फिरकला का, हे खुरांवरून कळते. आणि रपेट झाल्यावर मूल लगाम सईसाच्या हाती देऊन गाडीकडे पळते, की खरारा करून, खुरांतली माती उकरून मगच घरी जायला मोकळे होते, हेही थांबून पाहावे. प्रशिक्षकाच्या भिंतीवरच्या पदकांची चौकशी त्यानंतर केली तरी चालेल.