दंडाची पावती
जमीन कुणाची? : लेखांक 7

गायरान कसणाऱ्याच्या घरात एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात रेशनकार्डाच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दंडाच्या पावत्या असतात. उमरगा तालुक्यात जा नाहीतर शेजारच्या लोहारा-निलंग्याकडे, चित्र तेच. तलाठ्यानं अतिक्रमण पाहिलं, गाव नमुना एक-ई मध्ये नाव चढवलं, तहसीलमधून दंड बसला, तो भरला आणि पावती मिळाली. ही जमीन तुझी नाही, असं सरकार ज्या कागदावर लिहून देतं तोच कागद हा माणूस जिवापाड जपतो. अमुक साली या तुकड्यात आपण नांगर धरला होता, हे सांगायला त्याच्यापाशी दुसरं काहीच नसतं. सातबाऱ्यावर जमीन सरकारची, पीकपेऱ्यात नाव लागलं तर लागलं, नाहीतर नाही. पावती मात्र शिक्क्यासकट असते.

गेल्या लेखांकात आपण 1993 च्या भूकंपानंतर वसवलेली गावं पाहिली. तिथं वस्ती सरकारनंच केली. संपादन, मोबदला, घरांचं वाटप असं सगळं कागदावर झालं. त्यात अन्याय झालेच, पण ते कागदावर शोधता येतात. या वेळचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. जिच्या मालकीवरच भांडण आहे अशा जमिनीवर जाऊन बसणं नीतीला धरून आहे का? जगात आज हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो तो जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याबद्दल. इस्रायलनं 1967 च्या युद्धात तो घेतला आणि तेव्हापासून तिथं ज्यू वसाहती उभ्या राहत गेल्या. पूर्व जेरुसलेम सोडूनही आज तिथं सुमारे पाच लाख वसाहतकरी राहतात. तिथल्या प्रश्नाचं उत्तर इथल्या गायरानावरून देता येईल असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे ‘सरकारी जमीन’, ‘पडीक’, ‘ताबा’, ‘नियमित करणे’ हे तेच शब्द चालतात आणि त्यांचे अर्थ नेमके उलटे निघतात. ताबा कुणी आधी घेतला, यावर माझ्या मते फारसं ठरत नाही. ताबा घेणाऱ्याला सरकार दंड करतं की अनुदान देतं, त्याला जायला दुसरी जागा होती की नव्हती, आणि जो हक्क तो मागतो तोच समोरच्यालाही देतो का, यावर ठरतं.

आधी आपल्याकडचं बघू. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर हैदराबाद राज्यानं 1950 चा कुळकायदा केला आणि 1954-55 च्या खासरा पाहणीत कोण काय कसतो याची नोंद झाली. मराठवाड्यात आजही जमिनीचं भांडण कोर्टात गेलं की वकील पहिल्यांदा खासरा मागतो. पण कुळकायदा कुळाला जमीन देणार. जो कूळसुद्धा नव्हता, बलुत्यावर आणि सालगडी म्हणून जगत होता, त्याला काय देणार? मराठवाड्यातल्या दलितांपुढे हाच प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच, 1953 मध्ये, इथं सरकारी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लोक तुरुंगात गेले. बहुतेकांनी मात्र सत्याग्रहाची वाट पाहिलीच नाही. पावसाच्या तोंडावर गायरानाच्या कडेचे दगड वेचले, कुसळ काढलं, ज्वारी-तुरीचं बी टाकलं. पीक उभं राहिलं की गावातल्यांनी त्यात जनावरं घालायची, वर पोलीस केस, पुढच्या वर्षी पुन्हा पेरा, असं वर्षानुवर्षं चाललं. 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, त्यामागे विद्यापीठाचं नाव होतं तसं गावातल्या जमिनीचं वैरही होतं. शेवटी 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात भूमिहीनांनी, मुख्यतः मागासवर्गीयांनी, शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. निर्णय झाला, अंमल झाला नाही म्हटलं तरी चालेल. तो व्हावा म्हणून बीडमध्ये एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं आणि इतर संघटनांनी पुढची पंचवीस वर्षं मोर्चे काढले. पेटीतल्या पावत्यांना किंमत आली ती या निर्णयामुळे.

यावर गावातून पहिला आक्षेप येतो आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. गायरान कुणाचं पडीक नसतं, ते गावाच्या जनावरांचं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 नं ते मोफत चराईसाठी राखून ठेवलंय. गायरान कसायला घेतलं की पोट मारलं जातं ते दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचं आणि धनगराचं, पंचवीस एकरवाल्याचं नव्हे. त्याची जनावरं स्वतःच्या बांधावर चरतात. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सार्वजनिक जमिनींवरचे कब्जे हटवायला सांगितलं ते याच कारणानं, आणि महाराष्ट्र सरकारनंही त्याच वर्षी 12 जुलैला तसा निर्णय काढला. पण त्याच निकालात न्यायालयानं अपवादही लिहून ठेवलाय : भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी आदेशानं पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर शाळा-दवाखाना असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. म्हणजे सगळे ताबे सारखे नाहीत हे न्यायालयही मानतं. माझं म्हणणं याच्या थोडं पुढे जातं. गायरानातल्या भूमिहीनाचा हक्क खरा आहे, पण बांधलेला आहे. पोटापुरती जमीन, स्वतः कसायची, आणि उरलेल्या चराईला हात लावायचा नाही. तुकडा विकला, बटईनं दिला, त्यावर गाळे काढले की नैतिक दावा त्याच दिवशी संपला. उमरग्यासारख्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या तालुक्यात हे जास्तच जपायला हवं, कारण रस्त्याकडेच्या जमिनीवर डोळा असतो तो भूमिहीनाचा नव्हे, प्लॉट पाडणाऱ्याचा. तो आत शिरतो ते भूमिहीनासाठी उघडलेल्या दारातूनच.

आता जॉर्डनच्या काठावर. तिथंही सुरुवात जुन्या राजवटीच्या कायद्यापासून होते, निजामाच्या जागी ऑटोमन सुलतान. 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्यात ‘मेवात’, म्हणजे मृत जमीन, असा एक प्रकार आहे. गावाच्या शेवटच्या घराजवळ उभं राहून माणसानं मोठ्यानं हाक मारली आणि ती जिथं ऐकू जात नाही ती मृत जमीन, ती सुलतानाची. दुसऱ्या एका तरतुदीनुसार जमीन सलग तीन वर्षं कसली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. जॉर्डनच्या राजवटीत जमिनीची मोजणी आणि नोंदणी चालू होती, ती साधारण एक तृतीयांश भागापर्यंत पोचली होती. इस्रायलच्या लष्करी प्रशासनानं 1968 मध्ये ती थांबवली. मोजणी अर्धवट राहिलेल्या डोंगरउताराच्या गावात हक्क सिद्ध करायचा कसा, हे खासरा हरवलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पुढे 1979 मध्ये एलोन मोरे या वसाहतीचा खटला इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात गेला. संरक्षणासाठी खासगी जमीन लागते, असं सरकार म्हणत होतं. वसाहतकऱ्यांनी मात्र शपथपत्रात प्रामाणिकपणे लिहून दिलं की आम्ही इथं आलोय ते धर्मानं दिलेल्या हक्कानं, तात्पुरत्या लष्करी गरजेसाठी नव्हे. न्यायालयानं वसाहत उठवायला लावली. त्यानंतर सरकारनं वाट बदलली : खासगी जमीन घेण्याऐवजी न कसलेली जमीन ‘सरकारी’ म्हणून जाहीर करायची आणि तिचं वाटप करायचं. वाटप कुणाला झालं? इस्रायलमधल्याच ‘पीस नाऊ’ या संघटनेनं तिथल्या माहिती अधिकारातून आकडे मिळवून 2018 मध्ये छापले. वाटलेल्या सरकारी जमिनीपैकी 99.76 टक्के वसाहतींना गेली होती. दुनम म्हणजे आपले साधारण दहा गुंठे. वसाहतींना सुमारे 6 लाख 74 हजार दुनम आणि पॅलेस्टिनींना 1,600 च्या आसपास. तिथल्या वसाहतकऱ्याच्या पेटीत दंडाच्या पावत्या नसतात. ज्या बेकायदा छोट्या वस्त्या इस्रायलच्या स्वतःच्या कायद्यातही बसत नाहीत, त्यांनाही सरकारी खात्यांनीच पैसा आणि वीज पुरवली, हे 2005 मध्ये तालिया सासोन यांनी सरकारसाठीच केलेल्या अहवालात आहे.

वसाहतींच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातलं सगळंच फोल नाही. जॉर्डननं तो प्रदेश 1948 मध्ये युद्धानंच घेतला होता आणि त्याची मालकी जगानं जवळपास मानलीच नव्हती. म्हणून इस्रायल त्याला ‘व्याप्त’ न म्हणता ‘वादग्रस्त’ म्हणतं. शिवाय हेब्रॉनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्यू वस्तीतल्या 67 जणांची 1929 मध्ये कत्तल झाली, आणि गुश एत्झिऑनची ज्यू गावं 1948 मध्ये पडली. 1967 च्या सप्टेंबरात त्यांतलंच क्फार एत्झिऑन पुन्हा वसवायला गेलेल्यांत त्या गावातून मुलं म्हणून बाहेर पडलेले तरुण होते. बापाच्या घराकडे परत जाणाऱ्याला अतिक्रमणवाला म्हणताना जीभ अडखळते. पण मग तोच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा. 1948 मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरं सोडून गेले किंवा घालवले गेले. त्यांची मालमत्ता इस्रायलनं 1950 च्या गैरहजर मालमत्ता कायद्यानं ताब्यात घेतली. 1970 च्या कायद्यानं मात्र पूर्व जेरुसलेममधली 1948 पूर्वीची मालमत्ता ज्यू मालकांना परत मागता येते. बापाच्या घराचा हक्क एकाच बाजूला असेल तर तो हक्क नव्हे, जेत्याची सोय आहे. मालकी अनिश्चित असण्याचा मुद्दाही उलटाच जातो. जमीन कुणाची हे ठरायचं असेल तर ते ठरेपर्यंत तिच्यावर कुणी आपली माणसं वसवू नयेत, हाच साधा न्याय. इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर 1967 मध्येच सरकारला कळवलं होतं की नागरी वसाहती चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध जातील. 19 जुलै 2024 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दिलेलं मतही तेच सांगतं, मध्ये सत्तावन्न वर्षं गेली एवढंच. उमरग्याच्या वाचकाला ‘वादग्रस्त’ म्हटलं की बिदर-भालकीचा सीमावाद आठवणार. महाराष्ट्र 865 गावांवर दावा सांगतो, 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण त्या वादापायी भालकीच्या शेतकऱ्याच्या शेतात कुणी वसाहत उभी केलेली नाही. भांडण आहे ते कुठल्या राज्यात राहायचं याचं. शेत त्याचंच राहतं.

संरक्षणाचा मुद्दा जास्त जड आहे. 2005 मध्ये इस्रायलनं गाझातल्या 21 वसाहती उठवल्या, आठेक हजार माणसं बाहेर काढली, आणि 7 ऑक्टोबर 2023 ला त्याच गाझातून येऊन हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली. वसाहत उठवली की शांतता येते, असं सांगणाऱ्यावर इस्रायली माणूस आता विश्वास ठेवणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. पण सैन्याची चौकी आणि बालवाडी असलेली वसाहत या दोन गोष्टी आहेत. चौकी उठवता येते. बायकामुलांना डोंगरावर राहायला नेऊन त्यांच्यासाठी सैन्य ठेवायचं, याला संरक्षण म्हणता येत नाही. एलोन मोरेच्या खटल्यात माजी लष्करप्रमुख हाईम बार-लेव यांनी त्या वसाहतीचा संरक्षणाला उपयोग नाही, असंच शपथेवर सांगितलं होतं.

आणखी एक आक्षेप : ज्यू हे जगभर हाकलले गेलेले, मग तेच गायरानातल्या भूमिहीनासारखे नाहीत का? 1945 नंतर युरोपातल्या छावण्यांतून आलेल्यांबद्दल हे मला मान्य आहे; त्यांना जायला जागा नव्हती. मराठी माणसाला या गोष्टीत एक कोपरा जवळचा आहे. अलिबाग-पेणकडचे आपले बेने इस्रायल 1948 नंतर तिकडे गेले, त्यातले बरेच लोद, रामले, दिमोना इथं वसले. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. आणि लोदमधल्या बहुसंख्य अरबांना जुलै 1948 मध्ये सैन्यानं शहराबाहेर काढलं होतं. घरात मराठी बोलणारं एखादं कुटुंब सरकारनं दिलेल्या घरात राहायला गेलं, त्याला मी चोर म्हणणार नाही; जबाबदारी घर वाटणाऱ्याची. पण 1967 नंतर पश्चिम किनाऱ्यावर जाणाऱ्याच्या पाठीशी स्वतःचं राष्ट्र होतं, सैन्य होतं, स्वस्त कर्ज होतं. तो भूमिहीन नव्हता.

राहता राहिला काळाचा प्रश्न. तिसरी पिढी तिथं जन्मली, आता काय करायचं? ‘नियमित करणे’ या शब्दाची कसोटी इथं लागते. इस्रायलच्या संसदेनं 2017 मध्ये पॅलेस्टिनींच्या खासगी जमिनीवर उभी राहिलेली घरं मोबदला देऊन नियमित करायचा कायदा केला. जून 2020 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आपल्याकडे 1991 च्या निर्णयात कुणाच्या खासगी सातबाऱ्यावरची जमीन घेतलेली नाही आणि लाभ ज्याच्याकडे काहीच नाही त्याला. शब्द एक, पण एकीकडे बळकटाचा ताबा पक्का होतो आणि दुसरीकडे दुबळ्याचा. मुलं जन्मली म्हणून त्यांना रस्त्यावर काढू नये, हे दोन्हीकडे खरं. पण त्या मुलांसाठी जो मोबदला द्यायचा तो ज्याची जमीन गेली त्याच्याशी बोलून ठरला पाहिजे. आपल्याकडे तो गावच्या चराईला द्यावा लागेल, बांधून राखलेल्या कुरणाच्या रूपानं.

2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून घेतलेल्या याचिकेत राज्यभरातल्या गायरानांवर 2 लाख 22 हजारांहून जास्त अतिक्रमणं असल्याचं पुढे आलं, वर्षअखेरपर्यंत ती काढायचे आदेश झाले, गावोगाव नोटिसा निघाल्या आणि ओरड झाल्यावर सरकारनं हात आखडता घेतला. त्या आकड्यात 1985 साली तूर पेरलेला आणि परवा गाळे बांधलेला, दोघे एकाच रांगेत मोजलेले आहेत. त्यांना वेगळं करायचं काम मुंबईत होणार नाही. गाव नमुना एक-ई आपल्या सज्जावर तलाठ्याकडे असतो. कुणाचं नाव कोणत्या साली चढलं, किती क्षेत्र, कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायला सांगा. ज्यांच्या पेटीत 14 एप्रिल 1990 पूर्वीची पावती आहे, त्यांनी तिची साक्षांकित प्रत काढून ठेवावी. जुन्या पावत्यांची शाई उडते.