संकेतस्थळांच्या जाहिरात उत्पन्नातील चढउतार

संकेतस्थळांच्या जाहिरात उत्पन्नातील चढउतार म्हणजे मजकूर व वाचकसंख्या यांत विशेष बदल झालेला नसतानाही प्रकाशकाला जाहिरातींपासून मिळणाऱ्या रकमेत होणारी लक्षणीय वाढ किंवा घट होय. हे चढउतार पुष्कळदा अनाकलनीय वाटतात. जाहिरातीची किंमत ठरवणारा लिलाव प्रकाशकाच्या नजरेआड होतो आणि त्याच्या हाती केवळ निकाल येतो, हे त्याचे प्रमुख कारण आहे. जाहिरातींवरच चालणाऱ्या लहान संकेतस्थळांच्या दृष्टीने हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

स्वरूप

गूगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे स्वतःचा जाहिरात विभाग नसलेल्या प्रकाशकांनाही जाहिराती मिळू लागल्या. छापील वर्तमानपत्रात जाहिरातीचा दर दरपत्रकानुसार आधी ठरलेला असतो. येथे मात्र पृष्ठ उघडताच त्यावरील जागेसाठी लिलाव होतो आणि तो सेकंदाच्या काही अंशात पूर्ण होतो.

प्रकाशकाचे उत्पन्न किती पृष्ठे पाहिली गेली, त्यांवरील किती जागा जाहिरातींनी भरल्या आणि प्रत्येक जाहिरातीला काय दर मिळाला, या तीन घटकांवर अवलंबून असते. यांपैकी पहिला घटक प्रकाशकाला स्वतः मोजता येतो. उरलेले दोन बाजारातील मागणीवर ठरतात.

कारणे

लिलावातील स्पर्धा : पूर्वी प्रचलित असलेल्या द्वितीय-किंमत लिलावात सर्वोच्च बोली लावणारा जिंकत असे, परंतु त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यावी लागे. समजा, हजार दर्शनांसाठी ४०, ३५ व १२ रुपयांच्या तीन बोली आल्या, तर किंमत सुमारे ३५ रुपये ठरे. दुसरा जाहिरातदार बाजूला झाल्यास तीच १२ रुपयांवर येई. पृष्ठ, वाचक व दिसणारी जाहिरात मात्र तीच राही. गूगलच्या ॲड मॅनेजरने २०१९ मध्ये प्रथम-किंमत लिलाव स्वीकारला, तर ॲडसेन्सने २०२१ मध्ये हा बदल जाहीर केला. या पद्धतीत विजेता आपल्या बोलीइतकीच रक्कम देतो.

हंगाम : जाहिरातदारांची अंदाजपत्रके मासिक, तिमाही व वार्षिक असतात. भारतात दिवाळीपूर्वी आणि पाश्चात्त्य देशांत नाताळपूर्वी मागणी वाढते. जानेवारीत ती ओसरते व दर खाली येतात.

वाचकवर्गातील बदल : एकूण वाचकसंख्या स्थिर असली तरी वाचकांचे देश, उपकरणे किंवा त्यांनी वाचलेले विषय बदलू शकतात. अमेरिकेतील वाचकासाठी मिळणारा दर सामान्यतः भारतातील वाचकासाठी मिळणाऱ्या दरापेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे परदेशी वाचकांचे प्रमाण थोडे घटले तरी उत्पन्न बरेच कमी होते.

जाहिरातदारांची माघार : मार्च २०२० मध्ये कोरोना साथीच्या आरंभी बातम्यांची वाचकसंख्या वाढली, परंतु जाहिरात दर घसरले. अनेक उद्योगांनी खर्च थांबवला होता, तर काहींनी ‘कोरोनाव्हायरस’ हा शब्द असलेल्या पृष्ठांवर आपल्या जाहिराती दाखवणे टाळले.

गोपनीयतेचे नियम : वाचकाची आवडनिवड ठाऊक नसल्यास जाहिरातदार कमी बोली लावतात. युरोपीय संघाचा विदासंरक्षण नियम २५ मे २०१८ रोजी लागू झाला, तर सफारी न्याहाळकाने २०२० मध्ये त्रयस्थ कुकीज पूर्णपणे रोखल्या.

अवैध क्लिक : दैनंदिन अहवालातील रक्कम अंदाजित असते. यंत्राद्वारे किंवा हेतुपुरस्सर केलेले क्लिक वगळल्यानंतर अंतिम रक्कम ठरते. त्यामुळे महिनाअखेरीस कपात दिसू शकते.

यादृच्छिकता : दिवसाला ५,००० पृष्ठदर्शने व ०.४ टक्के क्लिक-प्रमाण असलेल्या संकेतस्थळाला सरासरी २० क्लिक मिळतात. मात्र संभाव्यतेच्या नियमानुसार एखाद्या दिवशी १३, तर दुसऱ्या दिवशी २८ क्लिक येणे अस्वाभाविक नाही. त्यामागे कोणतेही विशेष कारण शोधण्याची गरज नसते. संकेतस्थळ जितके लहान, तितका हा परिणाम ठळक दिसतो. ॲडसेन्स २०२४ पासून क्लिकऐवजी प्रामुख्याने दर्शनांनुसार मोबदला देऊ लागल्यामुळे अशी अस्थिरता काही अंशी कमी होते.

मराठी संकेतस्थळे

ॲडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये, तर मराठीला २०१८ मध्ये अधिकृत पाठबळ दिले. मराठी मजकुरासाठी बोली लावणाऱ्या जाहिरातदारांची संख्या इंग्रजीच्या तुलनेत कमी असते. परिणामी एखाद्या मोठ्या जाहिरातदाराने मोहीम थांबवली तरी दरांत जाणवण्याजोगा फरक पडतो.

पारदर्शकतेचा प्रश्न

जाहिरातदार व प्रकाशक यांच्या दरम्यान अनेक मध्यस्थ असतात. ब्रिटनमधील जाहिरातदारांची संघटना इस्बा हिच्यासाठी पीडब्ल्यूसीने केलेला अभ्यास मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जाहिरातदारांनी खर्च केलेल्या रकमेपैकी सुमारे ५१ टक्केच प्रकाशकांपर्यंत पोहोचली आणि सुमारे १५ टक्के रकमेचा हिशेब लागला नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने प्रकाशकांसाठीची जाहिरात-प्रणाली व जाहिरात-विनिमय या दोन बाजारपेठांत गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला.

निदान

उत्पन्नातील बदल समजून घेण्यासाठी पृष्ठदर्शने, भरलेल्या जागा व दर हे घटक क्रमाने तपासले जातात. पृष्ठदर्शने घटली असल्यास शोधयंत्रातील स्थान किंवा तांत्रिक बिघाड, जागा रिकाम्या राहिल्या असल्यास जाहिरातीची संगणकीय आज्ञावली अथवा धोरणात्मक निर्बंध, तर केवळ दर घसरले असल्यास बाजारातील मागणी हे संभाव्य कारण असते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सात दिवसांची सरासरी आणि मागील वर्षाच्या त्याच कालावधीशी केलेली तुलना अधिक विश्वसनीय ठरते. मात्र मागणी नेमकी का घटली, हे प्रकाशकाला त्याच्या अहवालातून सहसा कळत नाही. म्हणूनच अनेक संकेतस्थळे वर्गणी, देणग्या किंवा थेट जाहिराती यांची जोड देतात.

हे सुद्धा पहा

ऑनलाइन जाहिरात
ॲडसेन्स
लिलाव