गिऱ्हाइकाचा पत्ता कोणाच्या मालकीचा?

खडकी बाजारातील दुकानदारांपुढे एक अडचण पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. पुण्याच्या पेठांतील दुकानदारांना ती सहसा जाणवत नाही. त्यांचे गिऱ्हाईक तुटत नाही, ते गाव सोडून जाते. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, दारूगोळ्याचा कारखाना आणि भोवतालच्या लष्करी वसाहती यांच्या आधाराने ही बाजारपेठ वाढली. लष्करातील माणसाची दोन-तीन वर्षांनी बदली व्हायचीच. ज्या शिंप्याने गणवेशाचे माप घेतले, त्या शिंप्याच्या हातावर विश्वास बसतो न बसतो तोच गिऱ्हाईक पठाणकोटला नाही तर तेजपूरला पोहोचलेले असते.

अशा बाजारपेठेला ई-मेल हे साधन वरदानासारखे वाटल्यास नवल नाही. वडिलांच्या वहीतील नावे मुलाने संगणकावर चढवली, प्रत्येकाला एक पत्र धाडले, आणि चार जुन्या गिऱ्हाइकांनी दूरच्या छावणीतून मागणी नोंदवली, असे घडू शकते व घडतेही. यात गैर काही नाही. प्रश्न उपस्थित होतो तो पुढच्या पायरीवर. याच बाजारातील एका दुकानदाराचा मुलगा, जो माझ्या वर्गात बसतो, मध्यंतरी विचारत होता की, कोणी एक मध्यस्थ हजारो पत्त्यांची यादी अल्प किमतीत देऊ करतो आहे, ती घ्यावी काय? आणि त्या मध्यस्थाला बदल्यात दुकानाची स्वतःची यादीही हवी होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या प्रश्नाचे मूळ खर्चाच्या विभागणीत आहे. टपालाने पत्र धाडायचे तर तिकिटाचे, कागदाचे, छपाईचे पैसे पाठवणाराच मोजतो. म्हणून कोणाला पाठवावे, कोणाला पाठवू नये, याचा विचार तो आपोआप करतो. ई-मेलमध्ये पहिल्या पत्रानंतरच्या प्रत्येक पत्राचा खर्च जवळजवळ शून्य. तथापि खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो. पत्र उघडणे, वाचणे, पुसून टाकणे, आणि त्या गर्दीत एखादे खरे महत्त्वाचे पत्र हरवणे, हा सारा भार घेणाऱ्यावर पडतो. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की माहिती विपुल झाली म्हणजे ती ज्यावर पोसली जाते ते लक्ष दुर्मीळ होते. कारखान्याच्या धुराप्रमाणेच हा बाह्य परिणाम आहे. धूर सोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, एवढेच.

हे काही नवे नाही. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठवली. तक्रारी झाल्या, त्याला समजही देण्यात आली. पण वाट सापडली ती सापडलीच.

याउलट एक घरचे उदाहरण आठवते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ते पत्रक. परंतु शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्यात वाचण्याजोगे इतके काही येऊ लागले की १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ या नावाने मासिक म्हणूनच महाराष्ट्रात नावारूपास आले. लोक वर्गणी भरून ते मागवीत. (त्याच घराण्याचा तेलइंजिनांचा कारखाना पुढे १९४६ साली आमच्या खडकीतच उभा राहिला, हा योगायोग.) जाहिरातीचे पत्र वाचकाला हवेसे वाटू शकते, याला याहून वेगळा पुरावा नको. ते हवेसे वाटते कारण त्यात वाचणाऱ्याच्या वेळेची काही परतफेड असते. हिवाळी गणवेशाचे कापड आले आहे, अमुक तारखेपर्यंत मागणी आल्यास सुट्टीपूर्वी पोहोचेल, असे वर्षातून चार वेळा कळवणारा शिंपी गिऱ्हाइकाची सोय करतो. ‘आजच शेवटची संधी’ असे दर मंगळवारी लिहिणाऱ्याची संधी कधीच संपत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला तिसऱ्या मंगळवारी कळते.

कायद्याची स्थिती कशी आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये उपद्रव देणाऱ्या ई-मेलबाबत तरतूद होती. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण ई-मेलपुरती जागा मोकळी राहिली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम दूरध्वनी व लघुसंदेशांपुरते. ही पोकळी काही अंशी भरून निघते ती २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. संमती मुक्त, विशिष्ट व निःसंदिग्ध असावी, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. संमती मागणारी सूचना मराठीतून वाचण्याचा पर्यायही गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. त्यातील एक बारकावा आमच्या दुकानदारांनी ध्यानात ठेवावा. शाईने लिहिलेली वही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; तीच वही मुलाने संगणकावर उतरवली की ती कक्षेत येते. बिलासाठी घेतलेला पत्ता हा जाहिरातीसाठी दिलेला पत्ता नव्हे, हा भेद तेव्हापासून केवळ सभ्यतेचा राहत नाही.

कायद्याआधी बाजारानेही हात आवळला आहे. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध व्हावी, एका कळीसरशी नाव कमी करता यावे, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे. मोठ्या संख्येची मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची असल्याने आमचा शिंपी तीत बसत नाही, हे खरे. पण विकत घेतलेल्या यादीवर पत्रे धाडली आणि शेकडा दोघांनी-तिघांनी जरी ती ‘उपद्रवी’ ठरवली, तरी पुढे जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेले बिलही अडगळीच्या पेटीत जाऊन पडण्याचा संभव असतो.

यावर छोट्या दुकानदाराचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मोठ्या कंपन्या आमच्या गिऱ्हाइकाचा माग रात्रंदिवस काढतात, मग आम्हीच का सोवळे पाळावे? ही तक्रार निराधार नाही. परंतु छोट्या दुकानाकडे भांडवल असते ते ओळखीचे, आणि यादी विकत घेऊन त्याच एका भांडवलाला तो हात घालतो. अनोळखी माणसाला नावाने हाक मारून पत्र लिहिणारा दुकानदार त्याच्या लेखी मोठ्या कंपनीसारखाच होतो, फक्त तिच्या सवलतींवाचून.

खडकीच्या बाबतीत मात्र गोष्ट सोवळ्या-ओवळ्यावर थांबत नाही. लष्करी शिंप्याच्या वहीत काय असते? नाव, हुद्दा, तुकडी, बिल्ल्यांचा तपशील, आणि बदलीनंतर कापड कोठे पाठवायचे तो पत्ता. अशा दहा वह्या एकत्र केल्या तर कोणती तुकडी कोठे गेली याचा नकाशाच तयार होईल. शंभर वर्षे ही माहिती शिंप्याच्या गल्ल्याशेजारी सुरक्षित राहिली, कारण ती हाताने उतरवून घेण्याचे कष्ट कोणी घेत नव्हते. आज ती एका कळीसरशी मध्यस्थाच्या हाती जाते, आणि तो ती कोणाला विकतो हे त्या दुकानदाराला कधीही कळणार नाही.

विद्यार्थ्याला मी एवढेच सुचवले की, बिल करतानाच एक ओळ मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून खाली चौकट ठेवावी, आणि खूण ज्याची त्यानेच करावी. हुद्दा व तुकडी यादीत उतरवूच नये. पत्रासाठी त्यांची गरज नाही. दोन वर्षे ज्याचे उत्तर नाही त्याचे नाव काढून टाकावे. त्याच्या वडिलांना यादी लहान होण्याचे वाईट वाटले. पहिल्या महिन्यात केवळ एकेचाळीस जणांनी खूण केली. मध्यस्थाचा निरोप मात्र अजून अधूनमधून येतो, असे तो सांगत होता, आणि तोही, अर्थातच, न विचारता पाठवलेल्या ई-मेलने.