लाकडाचे लिबरेटर

गुरुजी, मुलांना प्रमाण शिकवायचे ना? मग फळा जरा बाजूला ठेवा आणि पांगाऱ्याचा एक ठोकळा आणा. लाकूड हलके, कोरायला सोपे. त्यातून आपण लिबरेटर हे बाँबफेकी विमान करू.

हेच का? दुसरे महायुद्ध संपल्यावर ही विमाने कानपूरला टाकून दिलेली होती. आपल्या कारागिरांनी ती दुरुस्त केली, आणि १९४८ साली भारतीय हवाईदलाचे पहिले जड बाँबफेकी पथक त्यांवर उभे राहिले. १९६८ पर्यंत ती हवाईदलात होती.

प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे एक इंचाला सहा फूट. खरे पंख टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, आपले सव्वाअठरा इंचांहून किंचित जास्त. आधी पुठ्ठ्याचे दोन साचे कापा, एक बाजूचा, एक वरचा. रेघेबाहेरून करवत चालवा. मग पटाशी, कानस, शेवटी काचकागद. पटाशीपुढे हात मात्र धरू देऊ नका.

पोरे म्हणतील, एक सूत चुकले तर काय बिघडले? अरे बाबांनो, त्या एका सुताचे खऱ्या विमानात नऊ इंच होतात! १९४२ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी याच प्रमाणाचे लाकडी नमुने आरमाराला करून दिले. ते पाहून सैनिक आपले विमान कोणते, शत्रूचे कोणते, हे ओळखायला शिकत. तिथे गफलत झाली तर गोळी आपल्याच माणसाला.

आपल्या बीडकडचा सुतार पाभर भरताना सूत-सूत जपतो, ते उगाच नव्हे. फणांतले अंतर चुकले, की शेतभर ओळी चुकतात.